देवळाची वर्गणी जमते, गटाराचे काम का अडते?

गावातला अखंड हरिनाम सप्ताह डोळ्यांसमोर आणा. सात दिवस पंगती उठतात. गहू कुणी द्यायचा, गूळ कुणी, जळण कुणाच्या ट्रॅक्टरमधून यायचे, सगळे ठरलेले असते. रात्री दोन वाजता विण्याच्या पहाऱ्याला कोण उभे राहणार हे फळ्यावर लिहिलेले असते आणि त्या वेळी तो माणूस तिथे हजर असतो. शेवटच्या दिवशी जमाखर्च माइकवर वाचून दाखवतात. पगार कुणालाच नाही आणि सक्तीही कुणावर नाही. त्याच देवळाच्या मागच्या आळीतले गटार मात्र वर्षानुवर्षे तुंबलेले असते. अर्ज जातात, निवडणुकीत आश्वासने मिळतात आणि पहिल्या जोरदार पावसात पाणी पुन्हा घरात शिरते.

हजारो माणसांच्या जेवणाची व्यवस्था लावणाऱ्या लोकांना एक गटार का करून घेता येत नाही? ‘लोकांना पडलेलीच नसते’ हे उत्तर सप्ताहाकडे पाहिले की टिकत नाही. ‘पुढारी खातात’ हे उत्तर खरे असले तरी अर्धेच आहे, कारण पुढाऱ्यांना खाता येते ते समोर जाब विचारणारे संघटित कुणी नसते म्हणून. वस्तीकडे ताकद असते, पण ती एका कामासाठी बांधलेली असते. ती दुसऱ्या कामाकडे वळवायची कशी, याचे एक शास्त्रच गेल्या आठ दशकांत तयार झाले आहे. ते सर्वांत नीट दिसते अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, सॅन अँटोनिओ शहरात.

पश्चिमेकडच्या वस्त्या

सॅन अँटोनिओच्या पश्चिम भागात मेक्सिकन वंशाचे कष्टकरी राहतात, बहुतेक सगळे कॅथलिक. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथले कित्येक रस्ते कच्चे होते आणि पावसाचे पाणी वाहून नेणारी धड सोय नव्हती. मोठा पाऊस झाला की घरे पाण्याखाली जात, माणसे वाहून जात, मुले चिखल तुडवत शाळेत पोचत. शहराच्या उत्तरेला नव्या श्रीमंत वसाहती उभ्या राहत होत्या आणि पालिकेचा पैसा तिकडे जात होता. त्या काळी नगरसेवक प्रभागातून निवडले जात नसत. सगळ्या शहराने मिळून सगळे नगरसेवक निवडायचे अशी पद्धत होती. त्यामुळे पश्चिमेकडच्या माणसाला आपला म्हणावा असा नगरसेवकच नसे.

१९७३ मध्ये एर्नेस्टो कोर्टेस नावाचा तिशीचा तरुण या आपल्या गावी परतला. तो शिकागोत संघटनेचे शिक्षण घेऊन आला होता. ते देणारी संस्था म्हणजे इंडस्ट्रियल एरियाज फाउंडेशन. सॉल अलिन्स्की यांनी ती १९४० मध्ये काढली होती. अलिन्स्की स्वतः ज्यू आणि फारसे धार्मिक नव्हेत, पण १९३९ मध्ये शिकागोच्या कत्तलखान्यांच्या वस्तीत काम करताना त्यांना एक गोष्ट उमगली होती. पोलिश, लिथुआनियन, आयरिश मजूर एकमेकांशी बोलत नसले तरी प्रत्येकाचे आपापले चर्च होते आणि चर्चच्या शब्दाला तिथे वजन होते. म्हणून वस्तीत नवी संघटना शून्यातून उभारण्याऐवजी आधीच असलेल्या संस्थांची संघटना बांधायची, अशी त्यांची रीत पडली. सभासद माणूस नसे, त्याची संस्था असे.

कोर्टेस यांनी हीच रीत घेतली आणि तिच्यात महत्त्वाचा बदल केला. अलिन्स्कींना चर्चकडून माणसे आणि पैसा हवा असे. कोर्टेस यांनी श्रद्धेलाही कामात घेतले. न्याय, शेजारधर्म, विधवा-अनाथांचा कैवार हे सगळे लोक दर रविवारी ऐकत होतेच. ते पालिकेच्या अंदाजपत्रकाला लावून पाहायचे, एवढेच बाकी होते.

आधी फक्त ऐकायचे

लोकांना एकत्र आणायचे म्हटले की आपल्याकडे पहिले पाऊल असते पत्रक किंवा जाहीर सभा. इथे पहिले काही महिने दोन्हींना बंदी. संघटक एकेका माणसाला गाठतो आणि अर्धा-पाऊण तास बोलतो. हातात फॉर्म नाही, सही मागायची नाही, सभासद करून घ्यायचे नाही. तुम्ही या वस्तीत कसे आलात? मुले कुठे शिकतात? कशाचा राग येतो? रात्रीची झोप कशाने उडते? संघटकाने कमी बोलायचे आणि ऐकताना दोन गोष्टी हेरायच्या. या माणसाला आतून ढकलणारे काय आहे, आणि याचे ऐकणारी माणसे किती आहेत?

कोर्टेस यांनी अशा शेकडो भेटी घेतल्या. मुद्दाम चळवळ्या मंडळींपासून ते दूर राहिले. पश्चिमेकडच्या चर्चना निधीसाठी जत्रा भरवण्याची सवय होती. खाद्यपदार्थांच्या टपऱ्या, खेळ, नाचगाणी. या जत्रांची खरी सूत्रे कुणाच्या हातात असतात हे शोधले की नाव मिळे ते बहुतेक वेळा एखाद्या मध्यमवयीन बाईचे. गल्ला तिच्याकडे, कामांची वाटणी तिच्याकडे, आणि तिने सांगितल्यावर वीस घरांतून माणसे येत. तिने आयुष्यात भाषण केलेले नसे. पण ज्याला नेतृत्व म्हणतात ते ती कित्येक वर्षे करतच होती. धर्मगुरूंपैकी ग्वादालुपे माता चर्चचे फादर एडमुंडो रॉड्रिगेझ यांच्यासारख्यांनी दारे उघडून दिली, पण पुढे बसायला माणसे आली ती बाकांवरची.

भेटींनंतर घरगुती बैठका. कुणाच्या तरी स्वयंपाकघरात दहा-बारा शेजारी बसतात आणि आपापले सांगतात. ही पायरी साधी वाटते, पण इथेच मोठी गोष्ट घडते. आपल्या घरात पाणी शिरते ते आपले नशीब, असे मानणारी बाई पलीकडच्या गल्लीतल्या चौघींकडून तेच ऐकते. नशीब सगळ्यांचे एकाच नाल्याशी कसे बांधलेले, हा प्रश्न तिला पडतो, आणि तिथून ती शेजारणींबरोबर पालिकेच्या नकाशापर्यंत जाते.

उसाची कांडी

अखंड ऊस तोंडात घालून चघळता येत नाही, त्याच्या कांड्या कराव्या लागतात. ‘गरिबी’, ‘अन्याय’, ‘पालिकेचे दुर्लक्ष’ ही सगळी अखंड ऊस. त्यावर मोर्चा निघतो, घोषणा होतात, पण सोमवारी सकाळी नेमके कुणी काय करायचे हे ठरत नाही. म्हणून या पद्धतीत मोठ्या दुखण्यातून असा तुकडा काढतात, ज्याबद्दल तीन गोष्टी सांगता येतात: नेमके काय हवे, ते देण्याचा अधिकार कुणाला आहे, आणि कोणत्या तारखेपर्यंत. तुकडा असा निवडायचा की जिंकता येईल आणि तो जिंकताना लोक शिकतील.

सॅन अँटोनिओत हा तुकडा निसर्गानेच पुढे केला. १९७४ च्या ऑगस्टमध्ये मोठा पाऊस होऊन पश्चिमेकडची घरे बुडाली. तोवर चर्चची ही संघटना, ‘कॉप्स’ या नावाने ओळखली जाणारी, आकाराला आली होती. लोकांनी आधी अभ्यास केला, आणि तो तज्ज्ञांवर सोपवला नाही. गृहिणी, कारखान्यातले कामगार, हवाई दलाच्या तळावर नोकरी करणारे आंद्रेस साराबिया अशी माणसे पालिकेच्या जुन्या फायली उलगडत बसली. फायलींत निघाले की त्यांच्या भागातल्या एका नाल्याचे काम १९४५ पासून शहराच्या आराखड्यात मंजूर होते. एकोणतीस वर्षे ते कागदावर पडून होते.

मग शेकडो माणसे पालिकेच्या सभागृहात गेली आणि त्यांनी हा कागद समोर ठेवला. रडगाणे नव्हते, शिव्या नव्हत्या. महापौरांनी आपल्याच प्रशासकाला विचारले, हे खरे आहे का? खरे होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात नाले व पूरनियंत्रणासाठी सुमारे ४ कोटी ६० लाख डॉलरच्या रोख्यांचा प्रस्ताव मतदारांपुढे आला आणि मंजूर झाला.

माझ्या मते या गोष्टीतला कळीचा भाग रकमेचा नाही, फायलीचा आहे. जी माणसे ऑफिसच्या पायऱ्या चढताना चप्पल कुठे काढू असे विचारतील, ती एका फायलीच्या जोरावर बरोबरीने बोलू लागली. या परंपरेतल्या संघटकांचा एक पोलादी नियम आहे. जे काम लोक स्वतः करू शकतात ते त्यांच्यासाठी दुसऱ्या कुणी कधीही करायचे नाही. संघटकाने फाइल शोधून दिली असती तर नाला झाला असता, पण माणसे होती तिथेच राहिली असती.

सुट्या नाण्यांची रांग

दरवाजे नेहमी कागदाने उघडत नाहीत. १९७५ च्या सुरुवातीला कॉप्सने पालिकेच्या अंदाजपत्रकाला आपले पर्यायी अंदाजपत्रक मांडले आणि शहरातल्या बड्या व्यापाऱ्यांनी त्याला पाठिंबा द्यावा अशी मागणी केली. पालिका कुणाचे ऐकते हे लोकांनी आता नीट हेरले होते. व्यापाऱ्यांनी लक्ष दिले नाही.

तेव्हा एके दिवशी शेकडो मेक्सिकन आजीबाई, आया, मुली जोस्केज नावाच्या उंची कपड्यांच्या दुकानात शिरल्या. त्यांनी शांतपणे झगे अंगाला लावून पाहिले, कोट चढवून आरशासमोर उभ्या राहिल्या, किंमत विचारली, परत ठेवले. काहीच विकत घेतले नाही. कायदा कुठेच मोडला नव्हता, फक्त दुकानाचा धंदा बसला होता. दुसऱ्या दिवशी फ्रॉस्ट बँकेत रांग लागली. प्रत्येकाने डॉलर देऊन सुटी नाणी मागितली, बाजूला जाऊन मोजली आणि पुन्हा रांगेत येऊन नाणी देऊन डॉलर मागितला. बँकेचे काउंटर ठप्प.

अशा कृतीचा उद्देश राग काढणे हा नसतो. सत्ता असलेल्या माणसाला आपल्याशी बोलणे भाग पडावे, एवढाच असतो. म्हणून त्यात हिंसा चालत नाही, अपमान चालत नाही, आणि बोलणी सुरू झाली की रांग तिथेच थांबते. कायमचा शत्रू कुणी नाही आणि कायमचा मित्रही कुणी नाही, हे या संघटनांचे धोरण. त्याच बँकेचे प्रमुख टॉम फ्रॉस्ट पुढच्या काळात कॉप्सच्या कामात सहकारी झाले.

१९७७ मध्ये शहराने थोड्या मतांच्या फरकाने प्रभागनिहाय निवडणुकीचा कौल दिला. त्यामागे केंद्र सरकारच्या न्याय खात्याचा मतदान-हक्क कायद्याखालचा दबाव होता, आणि कॉप्सने घरोघरी जाऊन केलेले कामही होते. पश्चिमेकडच्या लोकांना अखेर आपला नगरसेवक मिळाला.

चौकट : जाब विचारण्याची सभा

निवडणुकीआधी किंवा मोठ्या मागणीच्या वेळी अशी सभा भरते. मंचावर वस्तीतली माणसे बसतात, पाहुणे म्हणून आलेला अधिकारी किंवा उमेदवार एका बाजूला. पगारी संघटक मागच्या भिंतीला उभा, त्याने तोंड उघडायचे नाही. आधी प्रार्थना होते. मग प्रत्येक चर्चची हजेरी घेतली जाते: आमची अमुक माणसे आली आहेत, असे तिथला प्रतिनिधी उभा राहून सांगतो. एखादी बाई दोन मिनिटांत आपली हकीकत सांगते. मग पाहुण्याला प्रश्न, आणि उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असेच हवे. उत्तर सगळ्यांना दिसेल अशा फलकावर लिहिले जाते. भाषण लांबले की अध्यक्ष थांबवतात. ‘हो’ म्हणणाऱ्यासाठी टाळ्या, पण मत देण्याचे आवाहन कुणासाठीही नाही. अमेरिकेच्या करकायद्यानुसार चर्चला तशी मुभा नाही, आणि संघटनेलाही पक्षापासून दूर राहण्यातच आपली ताकद दिसते. सभा ठरलेल्या वेळी संपते. त्यानंतर लगेच अर्धा तास सगळे बसून काय जमले, काय फसले याची चिकित्सा करतात. अनुभवी लोक म्हणतात, खरे शिक्षण त्या अर्ध्या तासात होते.

पैसा कुणाचा?

या यंत्रणेला पैसा लागतो. संघटकांचा पगार, ऑफिसचे भाडे, प्रशिक्षण. मुख्य खर्च सभासद चर्चच्या वार्षिक वर्गणीतून चालतो, आणि सुरुवातीला कॅथलिक बिशपांच्या गरिबीविरोधी निधीतून अनेक संघटनांना मदत मिळाली. सरकारी अनुदानावर मात्र संघटना चालवायची नाही. कारण उघड आहे, ज्याला जाब विचारायचा त्याच्याकडून पगार घेऊन चालत नाही. वर्गणीचा आणखी एक उपयोग असतो. गरीब चर्च आपल्या तुटपुंज्या निधीतून पैसे देते तेव्हा त्या पैशाचे काय झाले हे विचारायला ते हक्काने येते. फुकट मिळालेल्या संघटनेला कुणी हिशेब मागत नाही.

पुण्य आणि पगार

धर्मसंस्था दानधर्म तर कायमच करत आल्या आहेत. मग संघटनेची गरज काय? याचे सर्वांत स्पष्ट उत्तर पूर्व किनाऱ्यावरच्या बाल्टिमोर शहरातून मिळते. तिथे कृष्णवर्णीयांच्या चर्चनी १९७७ मध्ये ‘बिल्ड’ नावाची अशीच संघटना बांधली होती. चर्चमध्ये गरिबांसाठी जेवणाची सोय असे. १९९० च्या सुमारास वाढणाऱ्या बायकांच्या लक्षात आले की रांगेत बेघर आणि बेकार यांच्याबरोबर कामावरून आलेली माणसेही आहेत. अंगावर सफाई कामगाराचा गणवेश, आठ तासांची ड्युटी झालेली, आणि तरी घरात जेवण नाही.

इथे दोन वाटा होत्या. एक, पातेले मोठे करायचे. दुसरी, ही माणसे काम करूनही उपाशी का, हे विचारायचे. बिल्डने दुसरी धरली. एकेका कामगाराशी बोलल्यावर कळले की यातले बरेच जण ठेकेदाराकडे आहेत आणि ठेकेदाराला पैसे पालिका देते. म्हणजे शहराचाच कर वापरून शहरातच उपासमार पोसली जात होती, आणि तिची भरपाई चर्चच्या पातेल्यातून होत होती. तेव्हाचे राष्ट्रीय किमान वेतन होते तासाला ४.२५ डॉलर. कामगार संघटनेला बरोबर घेऊन बिल्डने मागणी लावून धरली आणि १९९४ च्या डिसेंबरात महापौर कर्ट श्मोक यांच्या काळात कायदा झाला. पालिकेचे कंत्राट घेणाऱ्याने कामगाराला तासाला किमान ६.१० डॉलर द्यावेत, आणि पुढच्या काही वर्षांत ते टप्प्याटप्प्याने ७.७० पर्यंत न्यावेत. अमेरिकेतल्या इतर अनेक शहरांनी पुढे याच धर्तीवर कायदे केले.

जेवण वाढणे कमी दर्जाचे काम आहे असे मला अजिबात म्हणायचे नाही. त्या रांगेत रोज उभे राहून माणसांचे चेहरे पाहणाऱ्या बायका नसत्या तर गणवेश कुणाला दिसलाच नसता. सरकारी पाहणीला तो दिसला नव्हता. श्रद्धेने केलेल्या सेवेने इथे माहिती दिली आणि संघटनेने त्या माहितीचे कायद्यात रूपांतर केले.

पोट भरण्यापुरते वेतन मिळाल्यावरही प्रश्न उरतो तो चांगल्या नोकरीचा. १९९० मध्ये लेव्ही स्ट्रॉसने सॅन अँटोनिओतला कारखाना बंद केला. सुमारे हजार कामगार घरी बसले, बहुतेक मेक्सिकन वंशाच्या बायका. कॉप्सने आधी नोकरी देणाऱ्या रुग्णालयांना आणि कंपन्यांना गाठले. तुम्हाला कोणती माणसे मिळत नाहीत, किती घ्याल, किती पगार द्याल, हे विचारले. मग त्या नोकऱ्यांसाठी शिक्षणाची योजना उभी केली, प्रोजेक्ट क्वेस्ट. दोन-चार आठवड्यांचे प्रमाणपत्र देऊन मोकळे व्हायचे नाही, तर सामुदायिक महाविद्यालयात दीड-दोन वर्षे शिकायचे, नर्सिंगसारखे काम हातात घ्यायचे, आणि तेवढ्या काळात फी, बसभाडे, पाळणाघर यांना आधार. या योजनेची चिठ्ठी टाकून निवडलेल्या दोन गटांवर शास्त्रशुद्ध पाहणी झाली. नऊ वर्षांनंतरही क्वेस्टमधून गेलेल्यांची कमाई इतरांपेक्षा वर्षाला सुमारे पाच हजार डॉलरने जास्त होती. नोकरी-प्रशिक्षणाच्या योजनांत इतका टिकाऊ परिणाम क्वचित दिसतो.

कुठे अडते

ही पद्धत संथ आहे. एका शहरात मुळे धरायला दोन-तीन वर्षे जातात आणि दरम्यान दाखवायला काही नसते. ज्या विषयांवर चर्चमध्येच दुफळी आहे, उदाहरणार्थ गर्भपात, ते या संघटना उचलतच नाहीत. मग त्या विषयाने ज्यांचे आयुष्य होरपळते त्यांनी जायचे कुठे? जो कुठल्याच प्रार्थनास्थळाचा नाही, त्याचा आवाजही मागे पडतो. आणि नाले, रस्ते, शाळा जिंकूनही सॅन अँटोनिओ आजही अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत गरिबीच्या बाबतीत वरच्या रांगेत आहे. मजुरीचे दर आणि कारखान्यांची ठिकाणे ठरतात ती पालिकेच्या आवाक्याबाहेर.

आपल्याकडचा मोठा धोका वेगळा आहे. धर्माच्या नावाने माणसे जमतात तेव्हा ती शेजाऱ्याविरुद्ध जमवणे फार सोपे असते. यावर उपाय रचनेतच हवा: एकाच धर्माची, एकाच जातीची संघटना बांधायचीच नाही, आणि मागणी अशी निवडायची की ती मान्य झाल्यावर शेजारच्याच्या ताटातले काही कमी होणार नाही. आपल्याकडे याचे उदाहरण वसईचे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिथली हिरवी जमीन बांधकामांना खुली होऊ लागली आणि विहिरींचे पाणी टँकरने जाऊ लागले. तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसई संरक्षण समितीच्या आघाडीवर उभे राहिले आणि त्यांच्याबरोबर ख्रिस्ती तसेच हिंदू शेतकरी, बायाबापड्या रस्त्यावर आल्या. मागणी पाण्याची आणि जमिनीची होती. विहीर आटते ती कुणाचा धर्म विचारून आटत नाही.

रचना बहुधर्मी ठेवण्याचा एक मोठा प्रयोग पूर्व लंडनमध्ये झाला. १९९६ मध्ये तिथे चर्च, मशिदी, शाळा, कामगार संघटना एका छत्राखाली आल्या आणि २००१ मध्ये त्यांनी जगण्यापुरत्या वेतनाची मोहीम सुरू केली. २००३ मध्ये एचएसबीसी बँकेच्या भागधारकांच्या सभेत तिच्याच मुख्यालयात रात्री फरशी पुसणारा कामगार उभा राहिला आणि त्याने अध्यक्षांना समोरासमोर आपला पगार सांगितला. पुढे बँकेने सफाई कामगारांचे वेतन वाढवले. २०११ पासून एक स्वतंत्र संस्था दरवर्षी घरखर्चाचा हिशेब मांडून नवा दर जाहीर करते आणि हजारो मालकांनी तो आपण होऊन स्वीकारला आहे. २०१६ मध्ये ब्रिटिश सरकारने आपल्या सक्तीच्या किमान वेतनालाही हेच नाव दिले, पण दर मोहिमेच्या दरापेक्षा कमी ठेवला. त्यामुळे तिथल्या चर्चच्या आणि मशिदीच्या लोकांचे एकेका मालकाला जाऊन भेटणे चालूच आहे.